एकाच मातेची शंभर रोपं

पावसाळा तोंडावर आला की दुर्मिळ वनस्पतींची रोपं लावण्याविषयी, बिया गोळा करण्याविषयी पत्रं येऊ लागतात. यंदा बऱ्याच पत्रांचा रोख जनुकीय विविधतेकडे आहे. त्यातल्या सहा प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

एखाद्या वनस्पतीची संख्या कमी म्हणजे तिच्यातली जनुकीय विविधताही कमी, असं सरसकट म्हणता येईल का?
– विज्ञान शिक्षिका, सांगली

सरसकट नाही म्हणता येणार. आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एकाच सड्यावरच्या झाडांमध्ये आपापसांत किती फरक आहे, ही झाली समूहाच्या आतली विविधता. या सड्यावरची झाडं आणि पलीकडच्या डोंगरावरची झाडं यांच्यात किती फरक आहे, ही समूहासमूहांमधली. वनस्पती दुर्मिळ असली की पहिलीला सहसा फटका बसतो. दुसरीचं मात्र तसं नाही.

हॅमरिक आणि गॉड्ट या अमेरिकी संशोधकांनी सुमारे ४५० वनस्पती प्रजातींवरचं विकरांच्या (एन्झाइमच्या) विविधतेचं काम एकत्र मांडलं होतं. त्यात अगदी छोट्या प्रदेशापुरत्या प्रजातींमध्ये समूहाच्या आतली अपेक्षित विषमयुग्मजता, म्हणजे एखाद्या झाडात जनुकाची दोन वेगळी रूपं असण्याची शक्यता, सरासरी ०.०६३ निघाली आणि दूरवर पसरलेल्या प्रजातींमध्ये ०.१५९. म्हणजे अडीच पटींचा फरक. पण एकूण विविधतेपैकी समूहासमूहांमध्ये विभागला गेलेला वाटा पाहिला, तर तो ०.२४८ आणि ०.२१०, म्हणजे जवळजवळ सारखाच. हा वाटा ठरतो प्रजननाच्या पद्धतीवर. स्वपरागण करणाऱ्या प्रजातींत तो सरासरी ०.५१, कीटकांकडून परपरागण होणाऱ्यांत ०.१९७ आणि वाऱ्यावर परागण होणाऱ्यांत फक्त ०.०९९. म्हणून एखादी वनस्पती किती दुर्मिळ आहे याइतकंच तिचं परागण कसं होतं हेही आधी विचारायला हवं.

लहान समूहात विविधता घटते ती मुख्यतः योगायोगाने. मिश्र धान्याच्या पोत्यातून एकच मूठ उचलली, तर थोडक्या प्रमाणात असलेले दाणे मुठीत येतीलच असं नाही. दर पिढीला लहान समूहाचं असंच होतं. याला जनुकीय विचलन म्हणतात. प्रजननात खरोखर भाग घेणारी झाडं, म्हणजे परिणामकारक संख्या, ५० असेल तर विषमयुग्मजता दर पिढीला सुमारे १ टक्का घटते. ती १० असेल तर ५ टक्के, म्हणजे दहा पिढ्यांत जवळजवळ ४० टक्के. शिवाय डोळ्यांना दिसणारी झाडं आणि परिणामकारक संख्या यांत बरीच तफावत असते. तीनशे झाडं उभी आहेत, पण त्यातल्या वीसच झाडांना फळ धरतं, असं नेहमी आढळतं.

आता अपवाद. कॅलिफोर्नियातला टॉरी पाइन फक्त दोन ठिकाणी आहे, सॅन डिएगोजवळ मुख्य भूमीवर आणि सांता रोझा बेटावर. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५९ जनुकस्थानं (गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या जागा) तपासली, तर प्रत्येक समूहाच्या आत शून्य फरक निघाला. दोन समूहांमध्ये फरक होता तोही दोनच जनुकस्थानांवर. हे अपेक्षेप्रमाणेच झालं. पण कॅनडाच्या पूर्व भागापासून अमेरिकेच्या ग्रेट लेक्स परिसरापर्यंत मोठमोठी जंगलं व्यापणारा रेड पाइन घ्या. झाड सर्वत्र आहे आणि विविधता नगण्य. भूतकाळात कधीतरी तो मूठभर झाडांवर आला असावा आणि तिथून पुन्हा पसरला असावा. उलट दुर्मिळ प्रजातींची त्यांच्याच वंशातल्या सामान्य बहिणींशी तुलना केली, तर काही जोड्यांमध्ये दुर्मिळ प्रजातीची विविधता सामान्य प्रजातीइतकीच, कधी जास्तही निघते. जी प्रजाती अलीकडेच दुर्मिळ झाली आहे, विशेषतः जिची झाडं दीर्घायुषी आहेत, तिच्यात जुनी विविधता अजून शिल्लक असू शकते. ती हातची जाण्याआधी काम करायला हवं, आणि वेळ तिथेच कमी असतो.

शिंदळ माकुडी या कड्यांवरच्या दुर्मिळ मांसल वनस्पतीच्या फांद्या लावून आम्ही शंभरावर रोपं तयार केली आहेत. सगळी एका बागेतल्या एकाच कुंडीतून घेतली. ती किल्ल्याच्या कड्यावर लावायची आहेत. काय काळजी घ्यावी?
– निसर्गसंस्थेचे कार्यकर्ते, जुन्नर तालुका

तुमची कळकळ आम्हाला मनापासून भावली. तरीही सांगतो, ही रोपं कड्यावर लावू नका. फांदीपासून केलेलं रोप जनुकीयदृष्ट्या मूळ झाडाची तंतोतंत प्रत असतं. शंभर रोपं दिसली तरी झाड एकच आहे. त्यांच्यात आपापसांत परागण झालं तर ते स्वपरागणच ठरेल. शिवाय कड्यावर शिल्लक असलेल्या मूळ झाडांच्या परागात या एकाच जनुकसंचाचा पूर येईल. ही रोपं शाळेच्या, महाविद्यालयाच्या बागांना द्या आणि पाटीवर ‘लागवडीतून, मूळ ठिकाण अज्ञात’ असं लिहा. लोकांना ही वनस्पती ओळखता यावी, यासाठी ती फार उपयोगी पडतील.

ही चूक मोठ्या प्रकल्पांतही झालेली आहे. हवाईतल्या मौना केआ पर्वतावरची सिल्व्हरस्वर्ड ही वनस्पती मेंढ्यांच्या चरण्यामुळे संपत आली होती. १९७०च्या दशकापासून रोपं तयार करून ती पुन्हा लावली गेली आणि शेकडो झाडं जगली. नंतर उलगडा झाला की ती सगळी फक्त दोन मातृवृक्षांची संतती होती. त्यातून ही वनस्पती स्वतःच्या परागाने बी धरत नाही आणि आयुष्यात एकदाच फुलते. पुढे कड्यांवर उरलेल्या जंगली झाडांचा पराग हाताने आणून परागण करावं लागलं, तेव्हा कुठे नव्या रोपांमध्ये विविधता आली.

कड्यावर लागवड करायचीच असेल, तर आधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. किल्ला संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याचीही. मग शक्य तितक्या वेगवेगळ्या झाडांपासून थोडं थोडं साहित्य घ्या. एका झाडाच्या १२० फांद्या घेण्यापेक्षा ३० झाडांच्या प्रत्येकी ४ फांद्या घेणं कितीतरी पटींनी चांगलं. सलग एका कपारीतली झाडं बहुधा तुटून पडलेल्या एकाच फांदीपासून रुजलेली असतात. त्यामुळे निरनिराळ्या कपारी, निरनिराळ्या उंची आणि कड्याच्या दोन्ही बाजू घ्या. निम्म्याहून जास्त फांद्या कोणत्याही एका झाडाच्या कापू नका.

फांदी ८ ते १० सेंटिमीटरची पुरते. कापलेलं टोक सावलीत तीन-चार दिवस सुकू द्यायचं. ओलं टोक तसंच मातीत खुपसलं की बुरशी लागते आणि फांदी खालून काळी पडून सडते. दोन भाग जाड वाळू, एक भाग बारीक खडी आणि एक भाग माती, असं मिश्रण वापरा. मूळ धरेपर्यंत पाणी अगदी बेताने द्या. प्रत्येक मातृझाडाला क्रमांक द्या आणि तो अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरून कुंडीला बांधा. शाईने लिहिलेले क्रमांक एका पावसाळ्यात पुसले जातात आणि क्रमांक गेला की वर्षाच्या मेहनतीचा अर्थही जातो. लावताना एकाच मातेची रोपं शेजारी शेजारी येऊ देऊ नका. या वनस्पतीचं परागण माश्यांमार्फत होतं आणि माशी बहुतेक वेळा फुलावरून जवळच्याच फुलावर जाते.

आणखी एक गोष्ट. फांद्यांवर अवलंबून राहिलात तर असलेली विविधता जास्तीत जास्त जपता येते, नवी जुळणी होत नाही. जिथे फळ धरतं तिथे थोडं बीही घ्या.

आमच्या टेकडीवर एका दुर्मिळ झुडपाची पंचवीस-तीस झाडं उरली आहेत. दर वर्षी भरपूर फुलतात, पण बी पोचट निघतं. जनुकीय कारण असेल का?
– निवृत्त वनपाल, भोर

असू शकतं, पण आधी बाकीची कारणं बाजूला करा. बी न धरण्याची तीन मुख्य कारणं असतात. परागण करणारा कीटकच येत नाही, पराग येतो पण जवळच्या नात्यातला असल्यामुळे झाड तो स्वीकारत नाही, किंवा बी धरतं पण अंतःप्रजननामुळे (जवळच्या नात्यातल्या संकरामुळे) भ्रूण मधेच मरतो. तिसऱ्या प्रकारात टरफल पुरतं वाढतं, आत मात्र काही नसतं. तुमच्या वर्णनावरून आमचा संशय दुसऱ्या-तिसऱ्या कारणावर जास्त आहे.

अमेरिकेत इलिनॉयमध्ये लेकसाइड डेझी या दुर्मिळ फुलझाडाचा एक शेवटचा समूह उरला होता. फुलं यायची, मधमाश्या यायच्या, पण वर्षानुवर्षं बी धरत नव्हतं. परागणाचे प्रयोग केल्यावर समजलं की उरलेली सगळी झाडं एकाच संकरगटातली आहेत आणि एकमेकांचा पराग स्वीकारतच नाहीत. ओहायोतल्या झाडांशी संकर केल्याबरोबर बी धरलं. अशा वनस्पतींमध्ये पराग स्वीकारायचा की नाकारायचा हे ठरवणाऱ्या जनुकाची अनेक रूपं असतात. समूह लहान झाला की ती रूपं एकेक करून गळतात आणि जोडीदार मिळेनासा होतो.

तुम्ही स्वतः करू शकाल अशी चाचणी देतो. किमान ८ ते १० झाडं निवडा. प्रत्येक झाडावर उमलण्याच्या आदल्या दिवशीच्या कळ्यांचे पाच गट करा आणि प्रत्येक गटात चार-पाच कळ्या ठेवा. पहिला गट उघडाच ठेवा. बाकीच्या चार गटांवर बारीक जाळीच्या कापडाची पिशवी बांधा. दुसऱ्या गटाला हात लावू नका. तिसऱ्याला त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाचा पराग लावा, चौथ्याला टेकडीवरच्या दूरच्या झाडाचा आणि पाचव्याला दुसऱ्या टेकडीवरच्या त्याच प्रजातीच्या झाडाचा. प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा आणि दर वेळी नवी काडी किंवा स्पिरिटमध्ये बुडवून वाळवलेला कुंचला वापरा. पावसाळ्यात पिशवी ओली राहिली की फूल सडतं आणि निकाल खोटा लागतो. म्हणून फूल कोमेजल्यावर पिशवी काढायची आणि दोरा तेवढा ठेवायचा. चौथ्या-पाचव्या गटासाठी परागकोश आधीच चिमट्याने काढून टाका, नाहीतर फुलाचा स्वतःचा परागही त्यात मिसळतो.

निकाल असा वाचायचा. चौथ्या गटात बी धरलं आणि उघड्या गटात नाही, तर कमतरता कीटकांची आहे. तिसऱ्या-चौथ्यात नाही पण पाचव्यात भरपूर धरलं, तर टेकडीवरची झाडं एकमेकांच्या फारच जवळच्या नात्यातली आहेत. पाचव्यातही नाही, तर दोष पोषणात, किडीत किंवा हवामानात शोधा. भरलेलं बी आणि पोचट बी वेगळं मोजा. नुसती फळं मोजून काही कळत नाही.

कंदीलपुष्प आणि त्याच्या नातलगांना मात्र ही पद्धत लागू पडत नाही. त्यांचा पराग पिठासारखा सुटा नसतो, मेणचट गोळ्यांत बांधलेला असतो. तो भिंगाखाली बारीक सुईने नेमक्या खाचेत बसवावा लागतो. सराव नसेल तर दुर्मिळ झाडाच्या फुलावर हात चालवू नका, आधी सामान्य प्रजातीवर शिका.

एमएस्सीच्या प्रबंधासाठी कंदीलपुष्पाच्या एका दुर्मिळ आणि एका सामान्य प्रजातीची जनुकीय तुलना करायची आहे. नमुने किती घ्यावेत आणि कोणते मार्कर (डीएनएतला फरक दाखवणाऱ्या खुणा) वापरावेत? प्रयोगशाळेत आरएपीडीची (डीएनएचे यादृच्छिक तुकडे वाढवून पट्टे पाहण्याच्या पद्धतीची) सोय आहे.
– विद्यार्थिनी, कोल्हापूर

एकाच वंशातली जोडी निवडलीत हे उत्तम केलंत. हरिश्चंद्रगडावरच्या सेरोपेजिया लॉई या कंदीलपुष्पाची तुलना कारवीशी केली असती, तर फरक दुर्मिळपणाचा की कुळाचा हे कधीच कळलं नसतं. आता दोन्ही प्रजातींसाठी मार्कर तेच, समूहांची संख्या तीच आणि समूहांमधली अंतरंही साधारण तीच ठेवा. दुर्मिळ प्रजातीचे समूह पाच किलोमीटरच्या आत आणि सामान्य प्रजातीचे तीनशे किलोमीटरवर पसरलेले, अशी तुलना केली तर सगळे निष्कर्ष डळमळतात.

प्रत्येक समूहातून २० ते ३० झाडं घ्या. समूहच तेवढा नसेल तर सगळी झाडं घ्या. एका झाडाचं एकच पान पुरे. कंद उकरायचा नाही, कारण त्याने झाडच जातं. पान ताजं असताना वजन करा आणि त्याच्या दहा पट सिलिका जेलमध्ये हवाबंद पिशवीत ठेवा. पान १२ ते २४ तासांत कुरकुरीत झालं पाहिजे. जेलचा रंग बदलला की लगेच जेल बदला. पान हळूहळू वाळलं तर डीएनएचे तुकडे होतात आणि जेलवर रेषेऐवजी धूसर पट्टा दिसतो. मांसल पानं आधी बारीक चिरून घ्या.

डीएनए काढायला सीटॅब या रसायनाची पद्धत चालेल. २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), २० मिलिमोलर ईडीटीए, त्यात १ ते २ टक्के पीव्हीपी आणि वापरण्याच्या वेळी ०.२ टक्के मर्कॅप्टोइथेनॉल, हे धूर खेचणाऱ्या कपाटातच मिसळायचं. सुकलेलं २० मिलिग्रॅम पान बारीक कुटा, त्यात ७०० मायक्रोलिटर द्रावण घालून ते ६० ते ६५ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवा. नंतर क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१. डीएनए बुळबुळीत आला तर त्यात शर्करा राहिल्या आहेत असं समजा. मिठाचं प्रमाण वाढवून पुन्हा अवक्षेपण करा. तपकिरी आला तर फिनॉलं आली आहेत, पुढच्या वेळी पीव्हीपी वाढवा.

आरएपीडी नव्या कामासाठी निवडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तापमानात किंवा एन्झाइमच्या बॅचमध्ये थोडा फरक झाला तरी पट्टे बदलतात. दुसरं म्हणजे हा प्रभावी मार्कर आहे. पट्टा दिसला तर झाड समयुग्मजी (जनुकाची दोन्ही रूपं सारखी) की विषमयुग्मजी (दोन्ही वेगळी) हे सांगता येत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा नेमका तोच आहे. १० ते १५ एसएसआर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींचे मार्कर) मिळाले तर उत्तम. निधी असेल तर एसएनपी (डीएनएतल्या एकाच अक्षराच्या फरकाचे मार्कर). आरएपीडीशिवाय गत्यंतरच नसेल, तर किमान दहा टक्के नमुने डीएनए काढण्यापासून पुन्हा करा आणि दोन्ही वेळा सारखे आलेले पट्टेच मोजा.

एफएसटीचा, म्हणजे एकूण विविधतेपैकी समूहासमूहांमध्ये विभागल्या गेलेल्या वाट्याचा, अर्थ लावताना सावध राहा. ०.०५ पर्यंत फरक थोडा, ०.२५ च्या वर खूप मोठा, असा ढोबळ संकेत आहे. दर पिढीला एका झाडाइतकी देवाणघेवाण झाली की सैद्धांतिक मूल्य ०.२ च्या आसपास येतं. पण एफएसटी मोठं येण्याचं कारण समूह दुरावले हेच असतं असं नाही. प्रत्येक समूहाच्या आतली विविधता घटली तरी ते वाढतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या. प्रबंधात हा मुद्दा बहुतेक जण विसरतात.

दोन पठारांवरची झाडं मिसळली तर विविधता वाढेल ना? मग मिसळावीत का?
– वाचक, सातारा

कधी हो, कधी मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात बटन रिंकलवर्ट नावाची दुर्मिळ वनस्पती आहे. तिचे काही समूह द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेले) आणि काही चतुर्गुणित (चार संच असलेले) आहेत. दोघांचा संकर झाला तर त्रिगुणित झाडं येतात, दिसायला धडधाकट पण जवळजवळ वांझ. म्हणून पहिली तपासणी गुणसूत्रांच्या संख्येची. मुळांच्या टोकांवर ती महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करता येते.

संख्या सारखी असेल, प्रजाती नक्की एकच असेल, दोन्ही ठिकाणची माती-पाऊस-उंची मिळतीजुळती असेल आणि गेल्या ५०० वर्षांत दोन्ही समूहांत देवाणघेवाण होती असं मानायला जागा असेल, तर मिसळण्याचा धोका कमी. कोकणातल्या सड्यावरची झाडं हजार मीटरवरच्या पठारावर न्यायची असतील, तर पाऊस आणि फुलण्याचे दिवस दोन्ही वेगळे पडतात. तिथे आधी रोपवाटिकेत संकर करून दुसऱ्या पिढीपर्यंत वाढवून पाहा. पहिली पिढी बहुधा जोमदार येते आणि दोष असेल तर तो दुसऱ्या पिढीत उघडा पडतो. पहिल्याच पिढीवर विश्वास ठेवून डोंगरावर लागवड केली, तर नंतर ती मागे घेता येत नाही.

बिया किती झाडांच्या गोळा कराव्यात आणि कशा ठेवाव्यात? कारवीसारख्या सामान्य वनस्पतींसाठीही हेच नियम पाळायचे का?
– रोपवाटिकाचालक, रत्नागिरी

समूहात ५ टक्के प्रमाणात असलेलं एखादं जनुकरूप आपल्या संग्रहात येण्याची शक्यता ५ झाडांमधून सुमारे ४० टक्के, ३० झाडांमधून ९५ टक्के आणि ५० झाडांमधून ९९ टक्के. हा हिशेब फक्त मातृझाडांच्या जनुकांचा आहे. परपरागित बियांमधून पित्याचा वाटाही येतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच मिळतं. म्हणून ५० मातांचं उद्दिष्ट धरा. त्यापुढे नव्या झाडांपेक्षा नवा समूह शोधणं जास्त फायद्याचं.

त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घेऊ नका, आणि फारच थोडी झाडं असतील तर १० टक्क्यांवर थांबा. नुसत्या वाटेलगतच्या झाडांच्या बिया नकोत, आणि एकाच दिवशीच्याही नकोत. लवकर पिकणारी आणि उशिरा पिकणारी दोन्ही यायला हवीत. प्रत्येक मातेची वेगळी कागदी पिशवी, त्यावर क्रमांक, तारीख, ठिकाण.

कारवीसाठी नियम हेच, वेळापत्रक मात्र वेगळं. मुंबईतल्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली फुलली, त्यानंतर २०२४ साली. एकदा फुलून मरणारी ही वनस्पती असल्याने त्या एका हंगामात शेकडो मातांचं बी सहज मिळतं, आणि हुकलं तर आठ वर्षं थांबावं लागतं. झाड सर्वत्र आहे म्हणून हंगाम सोडू नका. एखादा उतार खाणीत गेला, तर तिथली कारवी दुसऱ्या उतारावरच्या कारवीने भरून निघेलच असं नाही.

साठवण्याआधी बी नीट वाळवा. बियांच्या वजनाइतकं सिलिका जेल घट्ट झाकणाच्या बरणीत कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते बदला. बी पूर्ण कोरडं झालं की अॅल्युमिनियमच्या पाकिटात सीलबंद करून उणे १८ ते २० अंशांवर ठेवा. ओलसर बी गोठवलं तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात. जांभूळ, आंबा, फणस यांचं बी मुळात वाळवणंच सोसत नाही. ते लगेच पेरायचं.

पेरताना प्रत्येक मातेचं बी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि लागवडीला प्रत्येकीची सारख्याच संख्येने रोपं न्या. नाहीतर ज्या दोन-तीन मातांचं बी चांगलं उगवतं, त्यांचीच रोपं सगळीकडे होतात. पहिल्या आठवड्यात उगवलेली रोपं घेऊन ट्रे रिकामा करण्याची रोपवाटिकांमध्ये सवय असते, ती इथे मोडायला हवी. रानटी वनस्पतींचं काही बी मुद्दाम उशिरा उगवतं. त्याचंही जनुकीय कारण असतं. ट्रे सावलीत ठेवून पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा आणि तेव्हा उगवतील ती रोपंही त्याच क्रमांकाने नोंदवा.